प्रिव्ह्यू विंडोज: काय आलं याआधी काय गेलं ते बघा

विंडोज ११ ची पहिली प्रिव्ह्यू आवृत्ती २८ जून २०२१ रोजी इनसायडर मंडळींच्या, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या चाचणी कार्यक्रमात नाव नोंदवून कच्ची विंडोज आधी वापरून पाहणाऱ्यांच्या, हाती पडली. बिल्ड २२०००.५१. गोलाई आलेले कोपरे, टास्कबारच्या मधोमध सरकलेलं स्टार्टचं बटण, नव्याने मांडलेल्या सेटिंग्ज यांचं जगभर कौतुक झालं. पण डेस्कटॉपवर राइट क्लिक करून 'रिफ्रेश' मारल्याशिवाय ज्यांचा दिवस सुरू होत नाही, त्यांना ती ओळच सापडेना. ती गेली नव्हती. 'शो मोअर ऑप्शन्स'वर क्लिक केलं की उघडणाऱ्या जुन्या मेनूत जाऊन बसली होती. ओरड झाली आणि ८ जुलैच्या बिल्डमध्ये रिफ्रेश पुन्हा पहिल्या मेनूत आलं. (रिफ्रेश मारल्याने कॉम्प्युटर पळायला लागत नाही, हे सांगून दमलेल्यांपैकी मी एक आहे. तरी ती ओळ जागेवर हवीच.)

बाजारात यायच्या आधीची विंडोज तपासायची असेल, तर नजर अशा ठिकाणी ठेवावी लागते. नवं काय आलं ते सांगायला कंपनी बसलेलीच असते आणि व्हिडिओवालेही असतात. काय गेलं, काय हललं आणि कोणतं बटण आपल्याला न विचारता चालू होऊन आलं, हे मात्र आपलं आपल्यालाच शोधावं लागतं.

प्रिव्ह्यू म्हणजे बिल्डरचा नमुना फ्लॅट. तिथे दिसलेलं सगळं ताब्यात मिळेलच असं नाही, आणि तिथे न दिसलेलं पुढे मिळणारच नाही असंही नाही. 'सेट्स' नावाच्या फीचरचं उदाहरण घ्या. कोणत्याही प्रोग्रॅमच्या खिडकीला ब्राउझरसारखे टॅब लावायची ही कल्पना डिसेंबर २०१७ मध्ये इनसायडरांना चाचणीसाठी मिळाली. लोक खूश झाले, सवय लागली, आणि २०१८ च्या मध्यावर ती प्रिव्ह्यूतून काढून घेतली गेली. पुन्हा आलीच नाही. टॅब आले ते २०२२ मध्ये, फक्त फाइल एक्स्प्लोररपुरते. उलट बाजूची उदाहरणंही आहेत. विंडोज ११ मध्ये एखादी फाइल ओढून टास्कबारवरच्या प्रोग्रॅमवर नेऊन सोडायची सोय गायब झाली होती. ती २०२२ च्या सप्टेंबरमधल्या २२एच२ आवृत्तीत सर्वांना परत मिळाली. टास्कबारवर प्रत्येक खिडकी वेगळी आणि नावासकट दाखवायचा पर्याय परत यायला २०२३ उजाडलं. दहा एक्सेल फायली उघड्या ठेवून काम करणाऱ्या अकाउंट्सच्या माणसाला या एका गोष्टीचं मोल किती असतं, ते त्यालाच विचारावं.

लोकांच्या बोलण्याचा नेहमीच उपयोग होतो असंही नाही. विंडोज ८ च्या २९ फेब्रुवारी २०१२ च्या कंझ्युमर प्रिव्ह्यूत स्टार्टचं बटणच नव्हतं. टीका भरपूर झाली, तरी त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये आवृत्ती तशीच बाजारात उतरली. बटण परतलं ते ऑक्टोबर २०१३ च्या ८.१ मध्ये, तेही फक्त स्टार्ट स्क्रीन उघडण्यापुरतं. खरा स्टार्ट मेनू ऑक्टोबर २०१४ च्या विंडोज १० टेक्निकल प्रिव्ह्यूत दिसला. तेव्हा प्रिव्ह्यूत एखादी गोष्ट खटकली, तर 'शेवटी करतील नीट' असं गृहीत धरून गप्प बसू नका, आणि एखादी आवडली तर तिच्यावर कामाची घडी बसवू नका.

आता प्रत्यक्ष कामाचं. इनसायडर कार्यक्रमात वेगवेगळे चॅनेल असतात. सुरुवातीला 'फास्ट' आणि 'स्लो' अशा रिंगा होत्या, २०२० मध्ये त्यांचे चॅनेल झाले, आणि मार्च २०२३ मध्ये कॅनरीची भर पडल्यावर कॅनरी, डेव्ह, बीटा आणि रिलीज प्रिव्ह्यू असे चार झाले. नावं आणि मांडणी अधूनमधून बदलते, म्हणून नाव पाठ करण्यापेक्षा तत्त्व लक्षात ठेवा: चॅनेल जितका कच्चा, तितकी नवलाई जास्त आणि मागे फिरायची वाट अरुंद. कॅनरी किंवा डेव्हमध्ये गेलात आणि कंटाळलात, तर बहुतेक वेळा सगळं फॉरमॅट मारून विंडोज नव्याने टाकावी लागते. नुसती उत्सुकता असलेल्या माणसाने बीटाच्या पुढे जाऊ नये, असं माझं मत. रिलीज प्रिव्ह्यूत तर पुढच्या काही आठवड्यांत सर्वांना मिळणारंच जवळपास असतं. ऑफिसातल्या दोन-चार मशिन्सवर आधी चाचणी घ्यायची असेल तर तो चॅनेल बरा.

आपण कुठे आहोत हे कळण्यासाठी विंडोज आणि आर या कीज एकत्र दाबा आणि 'विनव्हर' टाइप करा. जी छोटी खिडकी उघडते, तिच्यात आवृत्ती आणि बिल्डचा आकडा असतो: २६१०० ने सुरू होणारा आकडा २४एच२ चा, २६२०० चा २५एच२ चा. प्रिव्ह्यू असेल तर त्याच खिडकीत मुदत संपायची तारीखही दिसते. ती तारीख लिहून ठेवा. मुदत उलटली की आधी इशारे येतात, मग मशिन आपोआप रीस्टार्ट व्हायला लागतं आणि शेवटी सुरूच होत नाही.

प्रत्येक बिल्डबरोबर बदलांची टिपणं येतात. बहुतेक जण वरून वाचायला सुरुवात करतात, पहिलं चित्र पाहून खूश होतात आणि 'अपडेट' दाबतात. तळापासून वाचा. तिथे 'नोन इश्यूज' असतात, म्हणजे कंपनीला माहीत असलेले आणि तरी तसेच ठेवलेले दोष. तुमच्या मशिनशी जुळणारा एखादा दोष तिथे असेल, तर ते बिल्ड सोडून द्या, पुढचं येतंच. मग दुरुस्त्या वाचा. त्यावरून मागच्या बिल्डमध्ये काय मोडलं होतं ते कळतं. नवीन फीचर्स सर्वांत शेवटी.

इथे हमखास एक गोंधळ होतो. दोन मित्रांच्या मशिनवर अगदी तोच बिल्ड आकडा, पण एकाला नवा स्टार्ट मेनू दिसतो आणि दुसऱ्याला जुनाच. यात बिघाड काही नाही. फीचर सर्वांच्या मशिनवर उतरलेलं असतं. ते चालू करण्याचं काम कंपनी टप्प्याटप्प्याने, थोड्या थोड्या लोकांपासून करते. विंडोज अपडेटच्या पानावर 'गेट द लेटेस्ट अपडेट्स ॲज सून ॲज दे आर अव्हेलेबल' असं बटण आहे. ते चालू केलं तर तुम्ही रांगेत पुढे सरकता, बंद ठेवलं तर फीचर जरा पिकून येतं. न दिसणारं फीचर बाहेरच्या साधनाने जबरदस्तीने चालू करायची युक्तीही फिरत असते. कामाच्या मशिनवर तिच्या नादी लागू नका. कंपनीने फीचर बंद ठेवलेलं असतं तेव्हा बऱ्याचदा त्यामागे कारण असतं.

प्रिव्ह्यू टाकायची कुठे? रोजच्या मशिनवर नाही, एवढं ठाम सांगतो. ज्या कॉम्प्युटरवर जीएसटीचं रिटर्न भरता, ज्याला डिजिटल सहीचा टोकन किंवा एखाद्या मराठी डीटीपी सॉफ्टवेअरचा डोंगल लागतो, तो तर या खेळात आणूच नका. अशा छोट्या उपकरणांचे ड्रायव्हर प्रिव्ह्यूवर तपासलेले असतीलच याची खात्री नसते, आणि विसाव्या तारखेला टोकन ओळखेनासा झाला तर प्रिव्ह्यू होती ही सबब पोर्टलला चालत नाही.

घरात पडून असलेला जुना लॅपटॉप हे पहिलं सुचणारं उत्तर. पण विंडोज ११ ला टीपीएम २.०, सिक्युअर बूट, ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा आणि कंपनीच्या यादीतला प्रोसेसर लागतो, आणि जुनं मशिन नेमकं इथे अडकतं. दुसरा मार्ग व्हर्च्युअल मशिनचा, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत चालणारा दुसरा, सॉफ्टवेअरने बनवलेला कॉम्प्युटर. विंडोजच्या प्रो आवृत्तीत हायपर-व्ही आयतं मिळतं. होम आवृत्ती असेल तर व्हर्च्युअलबॉक्स फुकट आहे, आणि ७.० पासून त्यात टीपीएमचीही सोय आहे. मुख्य मशिनला १६ जीबी रॅम असेल तर दोन्ही नीट चालतात. मोठा फायदा असा, की बदल करण्याआधी त्या अवस्थेची प्रत ठेवता येते आणि काही बिघडलं तर क्षणात मागे येता येतं. मात्र झाकण मिटल्यावर लॅपटॉप झोपतो का, बॅटरी किती टिकते, टचपॅड आणि वायफाय कसं वागतं, यातलं काहीच व्हर्च्युअल मशिनमध्ये कळत नाही. तिथे दिसण्या-वागण्यातले बदल तपासावेत, बाकीचं सोडून द्यावं.

खऱ्या मशिनवर टाकणारच असाल, तर बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि ती डिस्क काढून ठेवा. आणखी एक गोष्ट लोक हमखास विसरतात. आजकालच्या बऱ्याच लॅपटॉपवर डिस्कचं एन्क्रिप्शन मालकाला पत्ताही न लागता चालू असतं. प्रिव्ह्यूने सुरुवातीच्या टप्प्यात गडबड केली की मशिन ४८ अंकी रिकव्हरी की मागतं. ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जमा असते, पण तेव्हा खातं उघडायला दुसरं मशिन लागेल. आधीच कागदावर उतरवा.

मराठीत काम करणाऱ्यांसाठी चाचणीचा एक वेगळा भाग आहे, आणि तो दुसरं कोणी आपल्यासाठी करणार नाही. मराठीचा फोनेटिक कीबोर्ड विंडोजमध्ये २०१९ च्या मे महिन्यातल्या १९०३ आवृत्तीपासून आला. त्याआधी इनस्क्रिप्ट तरी शिका किंवा बाहेरचं साधन तरी टाका, असं होतं. प्रिव्ह्यू सुरू झाली की पहिल्यांदा नोटपॅड उघडा, विंडोज आणि स्पेस दाबून मराठीवर या आणि मुद्दाम अडचणीचे शब्द टाइप करा: दऱ्या, तऱ्हा, क्लृप्ती, कर्तृत्व, ॲप, ऑफिस, मूर्तींमध्ये. 'दऱ्या'तला अर्धा र नीट चंद्रकोरीसारखा येतो का? 'मूर्तींमध्ये' या शब्दात एकाच अक्षरावर रफार, वेलांटी आणि अनुस्वार असे तिन्ही आहेत. तोच शब्द एखाद्या फोल्डरला नाव म्हणून द्या आणि तो खिडकीच्या माथ्यावर, टास्कबारवरच्या नावात आणि माउस नेल्यावर उगवणाऱ्या छोट्या चौकटीत पाहा. सेटिंग्जमध्ये डिस्प्लेचं स्केल १२५ आणि १५० टक्के करून पुन्हा पाहा. नव्या रचनेत ओळीची उंची इंग्रजी अक्षरांच्या मापाने ठरवली गेली असेल, तर वरचा अनुस्वार कापलेला दिसेल. त्यानंतर त्याच फोल्डरचं नाव स्टार्टमध्ये मराठीत टाइप करून शोधा. सापडायला हवं.

फॉन्टचंही पाहून घ्या. विंडोज नव्याने टाकली की मंगल, कोकिळा, अपराजिता हे देवनागरी फॉन्ट जागेवर असतीलच असं नाही. विंडोज १० पासून ते 'देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स' या ऐच्छिक गठ्ठ्यात गेले आहेत. मंगलमध्ये टाइप केलेली जुनी फाइल नव्या मशिनवर वेगळी दिसते, ओळी सरकतात आणि पानं वाढतात, तेव्हा प्रिव्ह्यूला दोष देण्याआधी सेटिंग्जमधल्या 'ऑप्शनल फीचर्स'मध्ये जाऊन तो गठ्ठा उतरवून घ्या. निर्मला यूआय हा फॉन्ट मात्र विंडोज ८ पासून सोबत येतो.

न विचारता चालू झालेली बटणं शोधायला वेगळा वेळ काढा. एप्रिल २०२४ मध्ये स्टार्ट मेनूच्या 'रेकमेंडेड' भागात स्टोअरमधल्या ॲप्सच्या शिफारशी आधी बीटा चॅनेलवर दिसल्या आणि त्याच महिन्यात ऐच्छिक अपडेटमधून बाहेरही आल्या. जाहिराती म्हणा, शिफारशी म्हणा. बंद करायचं बटण पर्सनलायझेशनमधल्या स्टार्टच्या पानावर होतं, पण चालू अवस्थेत. म्हणून प्रत्येक मोठ्या बिल्डनंतर स्टार्ट, टास्कबार, नोटिफिकेशन्स आणि प्रायव्हसी ही पानं वरपासून खालपर्यंत चाळा. आधी त्यांचे स्क्रीनशॉट काढून ठेवले असतील तर हे काम पाच मिनिटांत होतं. एक गोष्ट मात्र टाळता येत नाही: इनसायडर व्हायचं तर ऐच्छिक निदान माहिती कंपनीला पाठवण्याचं बटण चालू ठेवावंच लागतं. हे पटत नसेल तर खासगी कागदपत्रं त्या मशिनवर आणू नका.

स्टार्टच्या गोष्टीचा पुढचा भाग बरा आहे. जून २०२५ मध्ये डेव्ह चॅनेलवर नवा स्टार्ट मेनू आला. त्यात सगळी ॲप्स पहिल्याच पानावर, खाली सरकवत जायची, प्रकारानुसार लावता येणारी; आणि तो 'रेकमेंडेड' भाग दिसेनासा करायची सोयही होती. त्या वर्षाच्या ऑक्टोबरअखेर तो चॅनेलबाहेरच्या लोकांकडेही जाऊ लागला.

'रिकॉल'चं प्रकरण यापेक्षा गंभीर. स्क्रीनवर जे दिसतं त्याची थोड्या थोड्या वेळाने चित्रं साठवून नंतर त्यात शोध घेऊ देणारं हे फीचर २० मे २०२४ रोजी जाहीर झालं. आश्चर्य म्हणजे ते इनसायडरांच्या हाती न देता जूनमध्ये थेट नव्या मशिन्सबरोबर द्यायचा बेत होता. सुरक्षातज्ज्ञांनी साठवलेली माहिती पुरेशी कुलूपबंद नसल्याचं दाखवून दिलं. कंपनीने आधी ते मुळात बंद ठेवायचं कबूल केलं, मग बेतच पुढे ढकलला आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये इनसायडरांकडे पाठवलं. एप्रिल २०२५ मध्ये सर्वांसाठी आलं तेव्हा आपण होऊन चालू केल्याशिवाय ते चालत नव्हतं, उघडताना विंडोज हॅलोने ओळख पटवावी लागत होती आणि नको असेल तर काढूनही टाकता येत होतं. प्रिव्ह्यूची पायरी कशासाठी असते, हे मला याहून चांगल्या उदाहरणाने दाखवता येणार नाही.

पण लोकांनी सांगितलं तरी ऐकणाऱ्यापर्यंत ते पोहोचावं लागतं. ऑक्टोबर २०१८ मध्ये विंडोज १० ची १८०९ आवृत्ती बाहेर पडली आणि काहींच्या डॉक्युमेंट्स, पिक्चर्स अशा फोल्डरांमधल्या फायली पुसल्या गेल्या. ज्यांनी ते फोल्डर दुसऱ्या ड्राइव्हवर वळवले होते आणि काही फायली जुन्या जागी राहिल्या होत्या, त्यांची जुनी जागा अपडेटने रिकामी समजून साफ केली. कंपनीने अपडेट थांबवलं आणि १३ नोव्हेंबरला पुन्हा सोडलं. चटका लावणारी गोष्ट ही, की काही इनसायडरांनी हे आधीच कळवलं होतं. त्यांच्या तक्रारींना मतं कमी पडली होती, म्हणून त्या ढिगात खाली राहिल्या. त्यानंतर फीडबॅक हब या तक्रारी नोंदवायच्या ॲपमध्ये परिणाम किती गंभीर आहे ते नोंदवायची सोय आली. ती वापरा. फायली गेल्या, मशिन सुरू होत नाही, अशा गोष्टीला 'आयकॉनचा रंग आवडला नाही'च्या रांगेत उभं करू नका.

विंडोज आणि एफ दाबलं की फीडबॅक हब उघडतं, आणि त्या क्षणी स्क्रीनवर जे आहे त्याचं चित्रही जोडून देतं. त्यात बँकेचं पान किंवा कुणाचा नंबर नाही ना, ते बघून घ्या. तीच तक्रार आधी कुणी केलेली असेल तर नवी लिहिण्यापेक्षा तिला मत द्या. लिहायचीच असेल तर 'मराठी टायपिंग नीट चालत नाही' एवढ्याने कुणाचंच भलं होत नाही. समजा, फाइलचं नाव बदलताना पहिलं अक्षर दोनदा उमटतंय. मग असं लिहा: बिल्ड अमुक, मराठी फोनेटिक कीबोर्ड, फाइल एक्स्प्लोररमध्ये एफ२ दाबून नाव बदलायला घेतलं, 'मूर्ती' टाइप केलं, 'म' दोनदा आला, दर वेळी येतो, नोटपॅडमध्ये असं होत नाही, मागच्या बिल्डमध्येही होत नव्हतं. शेवटची दोन वाक्यं सर्वांत मोलाची, कारण दोष कुठे शोधायचा हे त्यातून कळतं. मजकूर साध्या इंग्रजीत लिहावा आणि मराठी शब्द देवनागरीतच द्यावेत. 'रीक्रिएट माय प्रॉब्लेम' हा पर्याय निवडून तीच कृती पुन्हा करून दाखवली, तर तक्रारीचं वजन आणखी वाढतं.

बाहेर पडायचा विचार आत शिरतानाच करून ठेवा. जुन्या विंडोजवरूनच प्रिव्ह्यूत आला असाल, तर मागे फिरायला साधारण दहा दिवस मिळतात; सेटिंग्जमधल्या सिस्टिम, रिकव्हरीच्या पानावर 'गो बॅक' असतं. त्या दिवसांत जागा मोकळी करायच्या नादात 'प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन' पुसू नका. ते गेलं की परतीचं बटणही जातं. बीटा किंवा रिलीज प्रिव्ह्यूत असाल, तर इनसायडरच्या पानावर पुढची आवृत्ती बाजारात आल्यावर नाव काढून टाकायचं बटण आहे. ते चालू करून ठेवलं की ती पक्की आवृत्ती बसते आणि फॉरमॅट न मारता सुटका होते. डेव्ह आणि कॅनरीवाल्यांनी मात्र नेहमीच्या आवृत्तीची आयएसओ फाइल उतरवून किमान ८ जीबीचा बूट होणारा पेनड्राइव्ह आधीच तयार ठेवावा, आणि तो त्या मशिनवर सुरू होतो की नाही, हे प्रिव्ह्यू टाकण्यापूर्वीच पाहावं.